पीसी कार्ड की एक्सप्रेसकार्ड? नुसती रुंदी मोजून फसू नका

जुन्या लॅपटॉपच्या कडेला ती लांब फट असते ना, जिच्यात बहुतेक वेळा प्लास्टिकचं डमी कार्ड खोचलेलं असतं, तिला सगळे सरसकट पीसीएमसीआयए स्लॉट म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. वायफायसारखी जादा सोय देणारं कार्ड बसवायची ती फट पीसी कार्डची असू शकते किंवा एक्सप्रेसकार्डची, आणि एकाचं कार्ड दुसऱ्यात चालत नाही म्हणजे नाही. मी पट्टीने 54 मिमी रुंदी मोजून छाती ठोकून एक कार्ड मागवलं होतं, हातात आल्यावर कळलं की रुंदी दोन्हींची 54 असू शकते. ते कार्ड अजून ड्रॉवरमध्येच आहे.

आधी नावाचं बघू. पीसीएमसीआयए हे कार्डाचं नाव नाहीच, 1989 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचं आहे. नाव इतकं अवघड की लोकांनी त्या अक्षरांचा 'पीपल कान्ट मेमराइज कम्प्युटर इंडस्ट्री अॅक्रोनिम्स' असा फुल फॉर्म करून टाकला, आणि पुढे कार्डाला साधं पीसी कार्ड हे नाव मिळालं. गंमत म्हणजे 2003 मध्ये एक्सप्रेसकार्ड आणलं तेही याच संघटनेने, त्यामुळे ते नाव दोन्हींना चिकटलंय त्यात लोकांची फार चूक नाही.

आता ओळखायचं कसं. कार्ड हातात असेल तर त्यावर तुमचं एटीएम कार्ड ठेवा. पीसी कार्डचं माप 85.6 बाय 54 मिमी, म्हणजे जवळपास तंतोतंत एटीएम कार्डाएवढं, फक्त जाड (काहींचं अँटेना किंवा सॉकेटचं डोकं बाहेर येतं ते मोजू नका). एक्सप्रेसकार्डची लांबी 75 मिमी, सेंटिमीटरभर आखूड. मग टोक बघा: पीसी कार्डला पूर्ण रुंदीभर दोन ओळींत 68 बारीक भोकं असतात, एक्सप्रेसकार्डला 26 कॉन्टॅक्टचा छोटा कनेक्टर. एक्सप्रेसकार्ड दोन रुंदींत येतं, 34 आणि 54, पण कनेक्टर दोन्हींचा सेमच, म्हणून 54 वालं कार्ड इंग्रजी एल अक्षरासारखं एका बाजूने कापलेलं दिसतं. 34 वालं 54 च्या स्लॉटमध्ये मस्त चालतं, उलटं अर्थातच नाही.

फक्त स्लॉट असेल तर डमी बाहेर काढा, तीही कार्डाच्याच आकाराची असते. किंवा टॉर्च मारून आत बघा. आत सुयांसारख्या पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर पीसी कार्ड, आणि अशा स्लॉटमध्ये चुकीचं काही जोर लावून घुसवू नका, एक पिन वाकली तरी स्लॉट कामातून जाऊ शकतो.

पीसी कार्डमध्येही एक पोटभेद आहे. जुनी कार्डं 16 बिटची, 1995 पासून आलेली कार्डबस 32 बिटची, तीवर टोकाजवळ उंचवटे असलेली सोनेरी पट्टी असते. 16 बिटचं कार्ड कार्डबस स्लॉटमध्ये चालतं पण कार्डबसचं कार्ड जुन्या 16 बिटच्या स्लॉटमध्ये जातच नाही, खाच मुद्दाम तशी ठेवलीये कारण ते 3.3 व्होल्टवर चालतं आणि जुने स्लॉट 5 व्होल्टचे.

एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये अडॅप्टरने चालेल का? खरा फरक आतल्या वायरिंगचा आहे म्हणून अवघड. कार्डबस म्हणजे लॅपटॉपसाठीचं पीसीआयच (डेस्कटॉपमध्ये जादा कार्डं बसवायची जुनी जोडणी), 33 मेगाहर्ट्झवर सेकंदाला जास्तीत जास्त 132 मेगाबाइट, तेही त्या बसवरच्या (सामायिक डेटा मार्गावरच्या) बाकी डिव्हाइसबरोबर वाटून, आणि मध्ये एक वेगळी कंट्रोलर चिप लागायची. एक्सप्रेसकार्डमध्ये ती चिपच काढून टाकली, चिपसेटकडून (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपकडून) पीसीआय एक्सप्रेस या पीसीआयनंतरच्या वेगवान जोडणीची एक लेन (डेटाचा एक मार्ग) आणि यूएसबी 2 अशा दोन्ही लाइन सरळ स्लॉटपर्यंत आणल्या, यातली कुठली वापरायची ते कार्ड बनवणाऱ्याने ठरवायचं. सुरुवातीच्या आवृत्तीत लेनचा वेग सेकंदाला 2.5 गिगाबिट, एन्कोडिंगचे (डेटासोबत जाणारे जादा) बिट वजा जाता दर दिशेला सेकंदाला 250 मेगाबाइट. म्हणूनच एक्सप्रेसकार्ड कार्डबस स्लॉटमध्ये बसवून देणारे स्वस्त अडॅप्टर फक्त यूएसबीवर चालणाऱ्या कार्डांपुरते असतात, पीसीआय एक्सप्रेसवालं कार्ड त्यात लावलं तर लॅपटॉपला काही लावलंय याचा पत्ताच लागत नाही.

आज यातलं काय घ्यावं? पीसी कार्डवाल्या लॅपटॉपला वायफाय किंवा यूएसबी 2 मिळालं की समाधान मानायचं. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (कॅमेऱ्यात वापरलं जाणारं मेमरी कार्ड) मात्र साध्या अडॅप्टरने मस्त चालतं, कारण ते इलेक्ट्रिकली याच घराण्यातलं. एक्सप्रेसकार्डमध्ये अजून जीव आहे, थिंकपॅड एक्स220 सारख्या मशीनला लोक या फटीतून केबल काढून बाहेर डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड जोडायचे, एका लेनवर ते अर्धपोटीच धावतं पण धावतं. यूएसबी 3 चं कार्ड घेणार असाल तर त्याला बाहेरून पॉवर द्यायचं छोटं सॉकेट आहे का ते बघा, स्लॉट 3.3 आणि 1.5 व्होल्टच देतो आणि यूएसबीला 5 लागतात, त्यामुळे पेन ड्राइव्ह चालेल पण पोर्टेबल हार्ड डिस्क मध्येच टिकटिक करून बंद पडू शकते.