एमसीबी आणि आरसीसीबी: सौर मायक्रोग्रिडवर कोण कधी पडतो?

डीबीचं, म्हणजे घरातल्या वीजजोडणीच्या पेटीचं, झाकण उघडलं की एमसीबी आणि आरसीसीबी हे दोन संरक्षक स्विच शेजारी दिसतात. खटका सारखाच, फक्त आरसीसीबीवर एक 'टेस्ट' बटण जास्तीचं. त्यामुळे "आरसीसीबी लावलाय ना, मग एमसीबी कशाला?" असं विचारणारे वायरमनही भेटतात. एमसीबी वायर वाचवतो: करंट प्रमाणाबाहेर गेला की पडतो, म्हणजे आपोआप बंद होऊन लाइन तोडतो. आरसीसीबी माणूस वाचवतो: फेजने गेलेल्या आणि न्यूट्रलने परत आलेल्या करंटमध्ये 30 मिलीअँपियरचा फरक पडला की तोडतो. फेज-न्यूट्रल शॉर्ट झालं तर त्याला पत्ताही लागत नाही.

महावितरणच्या लाइनवर शॉर्ट झालं की ट्रान्सफॉर्मर शेकडो अँपियर ओततो आणि त्या घरातला एमसीबी तत्काळ पडतो. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत 2012 मध्ये उभा राहिला तशा स्वतंत्र सौर मायक्रोग्रिडमध्ये (वाडीपुरत्या छोट्या वीजजाळ्यात) मात्र रात्री मागे फक्त बॅटरी आणि इन्व्हर्टर. 5 केव्हीएचा इन्व्हर्टर नेहमी 22 अँपियर देतो. दुपटीपर्यंत ताणला तरी 43-44. घरात सवयीने लावलेला 16 अँपियरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला 80 ते 160 अँपियर लागतात. एवढ्याशा करंटवर तो मिनिटभरही रेंगाळू शकतो. तोवर इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि एका घरातल्या शॉर्टपायी अख्ख्या वाडीची लाइट जाते. दोष मग बॅटरीला! दिवे-पंखा-टीव्हीच्या घराला 6 अँपियरचा बी-कर्व्ह, म्हणजे कमी पटीच्या करंटवरच तत्काळ पडणारा एमसीबी, पुरतो. तो 18 ते 30 अँपियरमध्येच पडतो, बाकीची घरं चालू राहतात. गिरणी, पंप यांची लाइन वेगळीच काढावी.

आरसीसीबीला मोठा करंट लागत नाही, म्हणून तो इन्व्हर्टरवरही चालायला हवा. पण गळलेला करंट जमिनीतून परत यायला इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला लागतो. ही जोडणी राहून गेली तर फ्रिजच्या पत्र्यावर फेज आला तरी आरसीसीबी ढिम्म. गंमत म्हणजे तेव्हाही टेस्ट बटण दाबलं की तो झकास पडतो, कारण बटणाचा करंट आतल्या आतच फिरतो, अर्थिंगकडे जातच नाही. म्हणून बटणावर विसंबू नये. सॉकेटला आरसीसीबी टेस्टर लावून फेज आणि अर्थिंगमध्ये तपासून घ्यावं, तेही इन्व्हर्टरवर चालू असताना.

आणि सगळ्या वाडीसाठी सुरुवातीलाच एक 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवू नये. पावसाळ्यात एका ओल्या पंपाने सगळ्यांची लाइट जाईल. तो घरोघरी हवा, आणि सुरुवातीला मुख्य लाइनवर 300 मिलीअँपियरचा, उशिराने पडणारा.