जळका वास क्लचचा की ब्रेकचा? गिअरबॉक्स उघडायच्या आधी चाकांजवळ जाऊन बघा

मागच्या पावसाळ्याआधी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरून पोफळीला चहाला थांबलो, दार उघडलं आणि नाकात जळका वास. बाबा लगेच म्हणाले, क्लच प्लेट गेली. चार दिवसांनी त्याच घाटाने परत वर येत होतो, वळणावर एक ट्रक बंद पडलेला, पाऊण तास चढावर थोडं थोडं सरकत आलो आणि परत तस्साच वास. ह्या वेळी गाडीतले सगळे म्हणाले ब्रेक चिकटलेत, जाताना पण वास आलाच होता की. दोन्ही वेळा अंदाज उलटा होता. उतरताना ब्रेक तापले होते, चढताना क्लच.

नाकाची चूक नाही ह्यात. क्लच प्लेटचं लायनिंग आणि ब्रेकचे पॅड, दोन्हीतला माल रेझिनने (डिंकासारखा चिकट पदार्थ) बांधलेला असतो, घासून प्रमाणाबाहेर तापलं की तो रेझिन जळतो, मग वास सारखाच येणार. कोणी सांगतं क्लचचा वास जळक्या कागदासारखा आणि ब्रेकचा जास्त उग्र, थोडाफार फरक असतोही, पण नुसत्या त्याच्यावर निर्णय घेऊ नका.

त्यापेक्षा वास येण्याच्या आधी पाच मिनिटं गाडी काय करत होती ते आठवा. चढ, ट्रॅफिक, अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवणं, तिरक्या पार्किंगमध्ये रिव्हर्स, असलं काही असेल तर संशय क्लचवर. लांब उतार आणि पाय सतत ब्रेकवर असेल तर ब्रेक. आणि सपाट रस्त्यावर, काहीच जोर न लावता, दहा-पंधरा किलोमीटर साधी चालवून वास येत असेल तर बहुतेक कुठलातरी ब्रेक सुटत नाहीये, ही तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही.

मग खाली उतरा आणि चारही चाकांजवळ जाऊन वास घ्या, तळहात रिमपासून वीतभर लांब धरा, हात लावू नका, आतली ब्रेकची डिस्क (पॅड जिला दाबून चाक थांबवतात ती चकती) तापलेली असेल तर कातडी सोलून निघेल. एकच चाक भट्टीसारखं आणि बाकीची कोमट असतील तर त्या चाकाचा ब्रेक चिकटलाय. पुढची दोन्ही सारखीच तापलीत आणि तुम्ही आत्ताच घाट उतरलाय तर ब्रेक जास्त वापरलाय एवढंच. चाकं थंड आणि वास बॉनेटकडून, गाडीच्या मधून येतोय तर क्लच, कारण प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बंद डब्यात असते.

हे एवढं कळकळीने सांगायचं कारण म्हणजे आमच्या दाजींची गाडी. वास येतोय म्हणून एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी चाकाला हात न लावता गिअरबॉक्स उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा क्लच सेट बदलला. आठवड्यात वास परत. दुसऱ्या मेकॅनिकने जॅक लावून पुढचं डावं चाक हाताने फिरवलं तर ते फिरेचना. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून सुकल्या होत्या, रबरी बूट फाटून आत पाणी गेलेलं, त्यामुळे पॅड डिस्कला कायम घासत होता. पिना साफ केल्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं (साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं), बूट बदलले, घासलेले पॅड नवीन टाकले, काम तासा-दीड तासाचं. आणि खुणा आधीपासून होत्या हो, त्या रिमवर काळी पावडर जास्त, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं, अ‍ॅव्हरेज पडलेला.

क्लच खरंच गेलाय का हे बघायला मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वर पळाला आणि स्पीड तिथेच राहिला तर प्लेट स्लिप मारतेय, बदलावी लागेल. दोन्ही बरोबर वाढले तर एकदा वास आला म्हणून घाबरू नका, अर्धा तास गाडी थंड होऊ द्या आणि चढावर थांबताना हँडब्रेक वापरा. एएमटीवाल्यांनी (गिअर आपोआप बदलणारी गाडी) पण ऐका, तुमच्या पायाला क्लचचं पेडल नसलं तरी आत क्लच तोच आहे, चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की तो जळतो, ब्रेक दाबून थांबा.

ब्रेक तापलेत तर घाईने पाणी मारू नका, डिस्क वाकते किंवा तडकते. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील आणि ते तापले असतील तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. आणि पेडल मऊ लागलं, नेहमीपेक्षा खाली गेलं, तर मात्र तिथेच थांबायचं, ब्रेक ऑइल उकळून आत वाफ झालीय. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, डॉट ३ ह्या प्रकारचं नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी धरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत येते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडी धरतं.

नवीन पॅड टाकल्यावर पहिल्या काही किलोमीटरला थोडा वास येतोच, तो आपोआप जातो. पण वास प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा असेल तर ह्यातलं काहीच करत बसू नका, गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि सगळ्यांना आधी खाली उतरवा.