काळी चार, पांढरी सहा आणि क्लॅरिनेटचा उतरलेला सूर

पावसाळा लागला की मुंबईतल्या बँडवाल्यांकडून आणि हौशी वादकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दमट हवेनं लाकूड फुगलंय, म्हणून क्लॅरिनेट उतरतंय." उन्हाळ्यात हाच दोष उष्णतेवर जातो. नळी तापली, तापून लांबली, लांबली म्हणून सूर खाली आला. शाळेत शिकलेलं घन पदार्थांचं प्रसरण आठवतं आणि तर्क पटतोही, पण आकडे मांडले की टिकत नाही. क्लॅरिनेटचं काळं आफ्रिकन लाकूड उष्णतेनं लांबीत फारच कमी वाढतं. सुमारे ६६ सेंटीमीटरची नळी दहा अंशांनी तापली, तरी वाढ मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजावी लागेल. कुणाच्याही कानाला तेवढ्यानं फरक कळणार नाही. खरं तर तापलेलं क्लॅरिनेट चढतं आणि थंड क्लॅरिनेट उतरतं.

कारण वाजते ती नळीतली हवा. हवेत ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. म्हणजे २० अंशांना ३४३ आणि ३० अंशांना ३४९. नळीची लांबी तीच, त्यामुळे तीत मावणारी तरंगलांबी तीच. वेग वाढला की कंपनसंख्या वाढणारच. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाला सेंट म्हणतात. दर अंशामागे सूर सुमारे तीन सेंट सरकतो. दुपारी गिरगावातल्या वरातीत ३३ अंशांत वाजलेलं वाद्य संध्याकाळी २२ अंशांच्या एसी नाट्यगृहात उघडलं, तर हिशेबानं ते ३३ सेंट उतरलेलं असेल. फुंकर आतली हवा तापवते, म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरतो. पण शेजारचा कीबोर्ड जागचा हलत नाही, त्यामुळे विसंगती लगेच कानाला टोचते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. पाच-दहा मिनिटं खालचे लांब स्वर वाजवावेत, मधल्या विश्रांतीत वाद्य स्टँडवर गार होऊ न देता हातात धरावं आणि वाद्य तापण्याआधी ट्यूनरकडे, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राकडे, पाहूही नये.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. प्रमाण मानलेल्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला लावलेलं संगीत विश्वाशी एकरूप होतं, आजार बरे करतं, असे दावे मोबाइलवर जोरात फिरत असतात. या दोन सुरांत जेमतेम ३२ सेंटचं अंतर आहे, म्हणजे वर सांगितलेल्या एसीच्या परिणामाएवढंच. शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप. सेकंद थोडा लांब ठरला असता तर हाच सूर वेगळ्या आकड्यानं ओळखला गेला असता. त्या आकड्यात औषध नाही.

वाद्य नीट तापलं आणि तरीही सूर खाली राहिला, तर हात बॅरलकडे जातो. बॅरल म्हणजे माउथपीसच्या खालचा छोटा तुकडा, साधारण ६६ मिलिमीटरचा. तो पूर्ण आत ढकललेला असेल तर ६५ किंवा ६४ मिलिमीटरचा घ्यायचा, म्हणजे नळी आखूड होऊन सूर चढेल. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. आणि क्लॅरिनेटमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथेच दडलेली आहे.

क्लॅरिनेट ही एका टोकाला, रीडपाशी (माउथपीसवर बांधलेल्या पत्तीपाशी), बंद असल्यासारखी वागणारी सरळ नळी. अशा नळीत मूळ स्वराच्या तरंगाचा फक्त एक चतुर्थांश मावतो आणि त्याच्या वर दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मिळत नाही, एकदम तिप्पट मिळतो. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबानं मंद्रातली पांढरी दोन, सुमारे १४७ हर्ट्झ. सगळी छिद्रं बंद, पूर्ण नळी कामाला. आता तीच बोटं ठेवून अंगठ्यामागची रजिस्टर की दाबा: १४७ च्या तिप्पट, म्हणजे सुमारे ४४० हर्ट्झ, पांढरी सहा. तिच्या लगेच खालचा स्वर काळी चार, ४१५ हर्ट्झ. तो मात्र वरची जवळजवळ सगळी छिद्रं उघडून, नळीच्या सर्वांत आखूड भागातून काढतात. कानाला हे दोन स्वर शेजारी, पण नळीत एक वरच्या टोकाला आणि दुसरा तळाला.

हिशेब करू. २५ अंशांना ध्वनीचा वेग ३४६ धरला, तर काळी चारला लागणारी नळी सुमारे २०८ मिलिमीटर आणि पांढरी सहाला सुमारे ५९०. बॅरल एक मिलिमीटरनं आखूड केला की पहिली ८ सेंट चढते, दुसरी फक्त ३. नऊवारीतून वीतभर कापड कापलं तर कळणार नाही, पण रुमालातून कापलं तर रुमालच उरत नाही. बहुतेक जण ट्यूनरवर ४४० चीच पांढरी सहा पाहतात. ती १२ सेंट उतरलेली दिसली आणि सगळी तूट बॅरलमधूनच भरून काढली, तर ४ मिलिमीटर कमी करावे लागतील. त्यात काळी चार ३३ सेंट वर जाईल, म्हणजे ऐकवणार नाही. म्हणून बॅरल लावताना आधी आखूड नळीचे स्वर तपासावेत आणि त्यांना जेवढं सोसेल तेवढंच कापावं.

एखादाच स्वर उतरत असेल तर बॅरलला हात लावू नका. त्या बोटांच्या खालचं पहिलं उघडं छिद्र बघा. त्यात मळ साचलेला असतो, किंवा पॅड, म्हणजे छिद्र झाकणारी छोटी गादी, फुगून किंवा कीखालचा कॉर्क जाड झाल्यामुळे ते पुरेसं उघडत नाही. दमट हवेचं खरं काम हे असतं.

आणि रीड. बोरूसारख्या गवताची ही पातळ पत्ती दाबाखाली आत-बाहेर लवते, त्यामुळे नळीला ती थोड्या जास्त हवेसारखी भासते. जितकी मऊ पत्ती, तितकी ही भासमान हवा जास्त आणि सूर तितका खाली. जबडा आवळून सूर ओढणं हा उपाय नव्हे. त्यानं पत्तीचं तोंड मिटतं आणि आवाज चिरका होतो. अर्ध्या नंबरानं कडक रीड घ्यावी आणि जिभेचा मागचा भाग थोडा उचलावा. जोरात फुंकल्यावर क्लॅरिनेट उतरतं आणि बासरी चढते, म्हणून दोन्ही वाद्यं एकत्र असतील तर हळू स्वरावर मेळ घालून भागत नाही. कार्यक्रमातला सर्वांत जोराचा तुकडा त्याच जोरानं वाजवून मगच ट्यूनर बघावा.