पल्पचा डबा आणि कोल्ड्रिंकचा कॅन

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई एकदम आली की जळगाव-भुसावळकडे दोन तऱ्हेचे रिकामे डबे साठतात. केटररकडे आंब्याच्या पल्पचे, आणि 45 अंशांच्या उन्हात टपऱ्यांमागे कोल्ड्रिंकचे. दोन्ही चकचकीत, म्हणून दोन्ही 'पत्र्याचे' ठरून एकाच पोत्यात जातात.

लोहचुंबक लावून बघा. पल्पचा डबा चिकटतो, कारण तो कथिलाचा पातळ मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा असतो. कोल्ड्रिंकचा कॅन चिकटत नाही, तो अ‍ॅल्युमिनियमचा. (परदेशात काही ठिकाणी पेयांचेही पोलादी कॅन असतात.) चुंबक नसेल तर बोट फिरवा. पल्पच्या डब्याला अंगावर उभा जोड, वर-खाली दोन झाकणं आणि मध्ये वळ्या. कॅनचं अंग आणि बूड एकाच चकतीतून ओढून काढलेलं असतं, झाकण तेवढं वेगळं.

त्या वळ्या शोभेच्या नाहीत. गरम पल्प भरून डबा बंद केला की थंड होताना आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा भिंत आत ढकलते. वळ्या नसत्या तर डबा चेपला असता. कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये नेमकं उलटं होतं: आतला गॅसच भिंतीला आतून बाहेर ताणून धरतो. म्हणून ती जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीची असली तरी चालते, आणि कॅन उघडला की अंगठ्यानेही दबते. ज्यूससारखं बिनगॅसचं पेय भरायचं असेल तर झाकण लावण्याआधी द्रव नायट्रोजनचा थेंब सोडतात. त्याचा वायू होतो आणि दाब तयार होतो.

कॅन पर्यावरणाला कमी जड करण्याची बरीचशी धडपड या पातळपणातच आहे. 1970 च्या दशकात वीसेक ग्रॅमचा असणारा कॅन आज 13-14 ग्रॅमवर आला. झाकण भिंतीपेक्षा जाड असतं, म्हणून कॅनची मान आवळून झाकणाचा घेरही कमी केला. उघडायची कडी पूर्वी सुटून यायची आणि रस्त्यावर पडून पाय कापायची. 1975 पासून न सुटणारी कडी आली.

पण खरा हिशेब वजनाचा नाही, विजेचा आहे. खनिजापासून एक टन अ‍ॅल्युमिनियम काढायला साधारण 14,000 युनिट वीज लागते, म्हणजे एका कॅनमागे जवळपास 0.2 युनिट. तेवढ्यात छताचा पंखा अडीच तास फिरेल. जुना कॅन वितळवून पुन्हा धातू केला तर सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. पोलाद वितळवून वाचते 60 ते 70 टक्क्यांच्या आसपास. तेव्हा नव्या धातूचा, एकदा वापरून उकिरड्यावर गेलेला अ‍ॅल्युमिनियमचा कॅन मला तरी अजिबात 'हिरवा' वाटत नाही, त्याच्या अंगावर बाणांचं चक्र छापलेलं असलं तरी. पोलादी डबा निदान गंजून मातीत जातो. हा तसाच पडून राहतो.

सुदैवाने भंगारात अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो, त्यामुळे कॅन सहसा उचलले जातात. गोची पुढे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या रसात लोखंड मिसळलं की ते वेगळं काढणं फार अवघड. इंजिनाचे ओतीव भाग मिसळले तर सिलिकॉन वाढतं. अशा धातूची ओतीव वस्तू होते, पण कॅनचा पातळ पत्रा होत नाही, आणि नव्या कॅनसाठी पुन्हा खाण खोदावी लागते. पोलादी डबे मोठ्या कारखान्यात चुंबकाने झटकन वेगळे होतात. हातगाडीवर मात्र ते कुणीतरी हाताने निवडायचे असतात.

तेव्हा घरीच दोन पोती ठेवा, कॅनच्या पोत्यात पातेली-कढया टाकू नका, आणि कडी तोडू नका. सुटी कडी चाळणीतून निसटते, कॅनबरोबर राहिली तर भट्टीपर्यंत जाते.