४७ किलोओहम आले कुठून? व्हॉल्व्ह प्रीअँप आणि कार्ट्रिजच्या जोडीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून आणि मंडपवाल्यांच्या गोदामांतून व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचे, अँप्लिफायर पुन्हा खाली उतरू लागले आहेत. हौशी मंडळी ते पुसूनबिसून नव्या टर्नटेबलला जोडतात आणि मग तक्रार सुरू होते. कुणाला आवाज अगदी बारीक आणि खर्ज गायब वाटतो, तर कुणाला वरचे स्वर कानाला टोचतात. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलायची घाई होते. खरं तर दोन वेगळ्या काळांतल्या वस्तू एकमेकींच्या गळ्यात बांधलेल्या असतात, आणि तो काळाचा फरक नेमका इनपुटच्या लोडमध्ये दिसतो. लोड म्हणजे कार्ट्रिजला (सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या डबीला; जुनं नाव पिक-अप) समोर जे ओढावं लागतं ते: प्रीअँपच्या (मुख्य अँप्लिफायरआधी बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी असलेला रेझिस्टर, आणि वायर व व्हॉल्व्ह मिळून होणारी कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, जी पिकोफॅरडमध्ये मोजतात. आज चुंबकीय कार्ट्रिजसाठी हा रेझिस्टर ४७ किलोओहमचा धरतात.

खानदेशात रेकॉर्ड पोचली ती बहुतांशी क्रिस्टल पिक-अपच्या काळात. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची पाठ पाहा. एरियल आणि अर्थच्या शेजारी आणखी दोन भोकं असतात, वर ‘पी. यू.’ किंवा ‘ग्राम’ लिहिलेलं, नाहीतर तबकडीचं छोटं चित्र. तिथे पिक-अपच्या पिना खोचायच्या. ही वायर आत थेट व्हॉल्यूम कंट्रोलवर जाते, आणि तो कंट्रोल असतो अर्धा किंवा एक मेगओहमचा. हा आकडा कुणाच्या लहरीने आलेला नाही. क्रिस्टल कार्ट्रिज विजेच्या दृष्टीने एक कंडेन्सरच असतो, साधारण हजार पिकोफॅरडचा धरा. त्याच्यासमोर एक मेगओहम ठेवला तर खर्ज १६० हर्ट्झच्या आसपास उतरायला लागतो. ४७ किलोओहम ठेवला तर तीच उतरण ३,४०० हर्ट्झपासूनच सुरू होते, म्हणजे तबला, ढोल, पुरुषाचा आवाज सगळंच वाहून गेलं. वर क्रिस्टल अर्धा-एक व्होल्ट सहज देतो, त्यामुळे वेगळा प्रीअँप लागतच नसे. लग्नात निंबाच्या फांदीला कर्णा बांधून रेकॉर्ड लावणाऱ्याला हे फार सोयीचं होतं.

पण हा क्रिस्टल रोशेल सॉल्टचा, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेटचा. ५५ अंश सेल्सियसच्या आसपास त्याची रचना मोडते आणि दमट हवेत तो पाणी ओढून नासतो. भुसावळ-जळगावला आखाजीच्या सुमारास सावलीतलाच पारा ४५ कडे धावतो. पत्र्याची पेटी बैलगाडीत किंवा मोटारीच्या टपावर उन्हात राहिली की आत ५५ व्हायला काय वेळ लागतो? उन्हाळ्याने नाही मारलं तर पावसाळ्याची ओल होतीच. म्हणून माळ्यावर सापडलेलं क्रिस्टल पिक-अप आज मुकं निघालं तर नवल नाही. पुढे बेरियम टायटॅनेटसारखे सिरॅमिक आले. त्यांचा आवाज थोडा लहान, पण ऊन त्यांना सोसतं. लोडची भूक मात्र तीच, मेगओहमची.

४७ किलोओहमची गोष्ट दुसऱ्या घराण्यातली. १९४० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने व्हेरिएबल रिलक्टन्स कार्ट्रिज आणलं आणि १९४८ मध्ये कोलंबियाची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली. या चुंबकीय कार्ट्रिजमध्ये तारेचं वेटोळं असतं. ते मोजके मिलिव्होल्टच देतं, म्हणून व्हॉल्व्हचा प्रीअँप जन्माला आला. सुरुवातीला लोडचा एक आकडा नव्हताच. जीईच्या कार्ट्रिजला काही हजार ओहम लागत, पिकरिंग कंपनीच्या कार्ट्रिजला २७ किलोओहम. वेटोळ्यासमोर लोड कमी केला की वरचे स्वर दबतात, आणि तेव्हा प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा वक्र (खर्ज किती दाबायचा, वरचे स्वर किती उचलायचे याचं प्रमाण) निराळा असल्याने तो रेझिस्टर टोन सावरायलाही उपयोगी पडे. इंग्लंडच्या क्वाडने तर कंट्रोल युनिटमध्ये बदलता येणारे छोटे अडॅप्टरच दिले. कार्ट्रिज बदललं की अडॅप्टर बदलायचा. मला ही आजवरची सर्वांत प्रामाणिक पद्धत वाटते.

१९५४ मध्ये आरआयएए, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा, एकच वक्र ठरला, वक्र सावरण्याचं काम प्रीअँपच्या आत गेलं आणि लोड मोकळा झाला. १९५८ च्या आसपास स्टिरिओ आणि मूव्हिंग मॅग्नेट (वेटोळं स्थिर, सुईबरोबर चुंबक हलतो असं) कार्ट्रिज आलं, तसा ४७ किलोओहम सगळ्यांनी धरला. रेझिस्टरच्या ठरलेल्या मालिकेत तो आकडा बाजारात सहज मिळत होताच. आपल्याकडे मात्र कोलकात्याजवळच्या दमदमच्या रेकॉर्ड कारखान्यातून १९६० च्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघतच होत्या, त्यामुळे गावोगावचे सेट मेगओहमच्याच घराण्यात राहिले.

आता टोचणाऱ्या स्वरांबद्दल. खरा फोनो प्रीअँप असला, ४७ किलोओहम बरोबर असला, तरी व्हॉल्व्ह स्वतः एक भर घालतो. प्रीअँपमध्ये नेहमी दिसणाऱ्या ईसीसी८३ व्हॉल्व्हमध्ये ग्रिड (जिथे सिग्नल आत येतो) आणि प्लेट (जिथून वाढून बाहेर पडतो) यांच्यातली कपॅसिटन्स जेमतेम १.६ पिकोफॅरड. पण व्हॉल्व्ह ६० पट वाढवत असेल तर कार्ट्रिजला ती सुमारे १०० दिसते. याला मिलर इफेक्ट म्हणतात. मीटरभर शिल्डेड वायरचे आणखी १०० आणि कार्ट्रिज धरणाऱ्या आर्ममधल्या तारेचे वेगळे. बेरीज सहज २५०-३०० वर जाते. शूअर कंपनीच्या जुन्या कार्ट्रिजला ४०० ते ५०० पिकोफॅरड हवेच असत, तेव्हा त्या काळात सगळं जुळून येई. आजचं ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई १०० ते २०० मागतं. त्याचं वेटोळं ५५० मिलिहेन्रीचं. १५० पिकोफॅरडवर त्याचा विद्युत रेझोनन्स (वेटोळं आणि कपॅसिटन्स मिळून ज्या स्वराला उचल देतात तो) १७ किलोहर्ट्झच्या पुढे राहतो, ३०० वर १२ किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो, आणि झांजेची किनार तिथेच टोकदार होते. उपाय स्वस्त आहे: वायर आखूड करा, कमी कपॅसिटन्सची घ्या.

मूव्हिंग कॉइलचं, म्हणजे चुंबक स्थिर आणि सुईबरोबर वेटोळं हलतं त्या कार्ट्रिजचं, गणित वेगळं. मध्ये १:१० चा ट्रान्सफॉर्मर घातला की ४७ किलोओहम कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतो, आणि डेनॉनच्या डीएल-१०३ सारख्या ४० ओहमच्या कार्ट्रिजला तो चालतो.

जोडणी करण्याआधी मीटर हातात घ्या. जुने कार्बन रेझिस्टर वयाने, उष्णतेने वर सरकतात. रंगपट्टे ४७ सांगतात आणि मीटर ५५-६० दाखवतो. सेट बंद करून, प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करूनच मोजा. एसी/डीसी जातीच्या (मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) रेडिओत चॅसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, थेट मेन्सला असते, त्याच्या पी. यू. भोकांत जाणत्या मेकॅनिकशिवाय काहीही जोडू नका. आणि ट्रान्सफॉर्मरवाला चांगला रेडिओ हाती असेल तर चुंबकीय कार्ट्रिजसाठी तो फोडू नका. सिरॅमिक कार्ट्रिज आजही नवी मिळतात, मेगओहमच्या भोकात ती थेट बसतात. सुई मात्र पाहून घ्या: ७८ च्या खाचेला रुंद लागते, एलपीला बारीक.