बर्लिनचं किचनर झालं ते ८१ मतांनी

कॅनडात टोरंटोपासून साधारण शंभर किलोमीटरवर किचनर नावाचं शहर आहे. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २,५६,८८५, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात जिल्ह्याचं गाव. किचनर म्हणजे तेच, ज्यांच्याशी वाजल्यामुळे १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनला व्हाइसरॉयपद सोडावं लागलं ते हिंदुस्थानचे सरसेनापती. या शहराशी मात्र त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

१९१६ पर्यंत शहराचं नाव होतं बर्लिन. ग्रँड नदीकाठचा हा पट्टा ब्रिटिशांनी १७८४ मध्ये सिक्स नेशन्स या सहा जमातींच्या संघातल्या मूळ रहिवाशांना दिला होता. १८०० नंतर तिथे पेनसिल्व्हेनियातून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी आले आणि त्यांच्या मागोमाग जर्मनीतून कारागीर. चामडं, फर्निचर आणि बटणांच्या कारखान्यांवर गाव वाढलं, १९१२ मध्ये शहर झालं. बाजारात सर्रास जर्मन बोललं जायचं. व्हिक्टोरिया पार्कमध्ये कैसर पहिल्या विल्हेल्मचा अर्धपुतळा होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि काही पोरांनी तो पुतळा पार्कातल्या तळ्यात फेकला. बाहेर काढून तो जर्मन क्लबात ठेवला, तर फेब्रुवारी १९१६ मध्ये तिथून सैनिकांनी पळवला. अशा वातावरणात १९ मे रोजी नाव बदलावं का यावर मतदान झालं: बाजूने १,५६९, विरोधात १,४८८. नवं नाव निवडायला जूनअखेर पुन्हा मतदान. मतं पडली जेमतेम ८९२, त्यातलीही १६३ बाद. किचनर ३४६, ब्रॉक ३३५. लॉर्ड किचनर त्याच महिन्यात जहाजासकट बुडाले होते. ती बातमी ताजी नसती, तर अकरा मतं इकडची तिकडे व्हायला कितीसा वेळ लागला असता? १ सप्टेंबरपासून नवं नाव लागू झालं.

नावाच्या या गदारोळात एक जुनी गोष्ट झाकली जाते. नायगराची वीज खाजगी कंपन्यांच्या हाती न जाता सरकारी यंत्रणेतून गावोगाव पोचावी, या चळवळीत हे गाव पुढे होतं. तिचे म्होरके अ‍ॅडम बेक इथल्या शेजारच्याच बाडेनचे, जर्मन घरातले. ११ ऑक्टोबर १९१० ला पहिलं बटण दाबलं गेलं ते बर्लिनमध्येच. घरगुती गॅसपुरवठा तर आजही शहराच्याच मालकीचा आहे. ओंटारिओ प्रांतात किचनर आणि किंग्स्टन वगळता असं फारसं सापडत नाही.

बाकी कारभाराची वाटणी १९७३ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी वॉटरलू रीजन ही शहराच्या वरची प्रशासकीय पातळी आली. आज पोलीस, बस, कचरा रीजनकडे. अग्निशमन, उद्यानं, गल्लीबोळातला बर्फ काढणं शहराकडे. २०१९ मध्ये धावू लागलेली आयॉन ट्रामही रीजनचीच. नागरिकाच्या हाती मात्र घरपट्टीचं एकच बिल पडतं. ते पाठवतं शहर आणि त्यात रीजनचा नि शाळांचा वाटा आधीच धरलेला असतो. शिव्या कुणाला घालायच्या हे कळायला बिल नीट वाचावं लागतं! महापौर आणि दहा वॉर्डांचे दहा नगरसेवक चार वर्षांसाठी निवडून येतात. महापौर रीजनच्या सभेतही बसतात.

त्याच १९७३ मध्ये १९२४ ची जुनी सिटी हॉलची इमारत पाडली. नवी उघडायला १९९३ उजाडलं. जुन्या इमारतीचा घड्याळाचा मनोरा तेवढा वाचला. आता तो व्हिक्टोरिया पार्कच्या तोंडाशी उभा आहे, कैसर ज्या तळ्यात गेला त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर.