पार्श्वभूमी : कान नॉर्मल, तरी शब्द निसटतात

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, नॉर्मल येतो, पण चार माणसे एकदम बोलू लागली की समोरच्याचे शब्द निसटतात. या तक्रारीला आजार म्हणायचे की नाही, आणि म्हणायचे तर कोणत्या नावाने, यावर श्रवणतज्ज्ञांचे आजही एकमत नाही. भांडण मुळात हद्दीचे आहे. कानाचे काम कुठे संपते आणि मेंदूचे कुठून सुरू होते, हे ठरवायचे कोणी?

एकोणिसाव्या शतकातले प्रयोग इथे फारसे कामाचे नाहीत. टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा, वरचा भाग गेला की माकड बहिरे होते, असे एका संशोधकाने सांगितले, दुसऱ्याने १८८० च्या दशकात ते खोडून काढले. दवाखान्यात वापरता येईल अशी चाचणी त्यातून मिळाली नाही.

ती मिळाली १९५४ मध्ये, इटलीत. टेम्पोरल लोबमध्ये गाठ असलेले रुग्ण एकाच कंप्रतेचे साधे ‘बीप’ आवाज ऐकवायच्या चाचणीत व्यवस्थित पास होत होते. डॉक्टरांनी मग बोललेल्या शब्दांतल्या वरच्या कंप्रता गाळून टाकल्या आणि असे घुसमटलेले शब्द एकेका कानाला ऐकवले. गाठ ज्या बाजूला, तिच्या विरुद्ध बाजूच्या कानाचे गुण घसरले. बोलण्यात माहिती इतकी जास्तीची भरलेली असते की जखमी मेंदूही अंदाजाने काम भागवतो. ते जास्तीचे काढून घेतले की उणीव उघडी पडते. गोंगाटातल्या ऐकण्याच्या आजच्या बहुतेक चाचण्या याच युक्तीवर उभ्या आहेत.

१९६१ मध्ये कॅनडात दोन्ही कानांना एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवले गेले. बहुतेकांना उजव्या कानाचे आकडे जास्त सांगता आले, कारण त्या कानाची मुख्य वाट भाषा सांभाळणाऱ्या, मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे जाते. पुढे १९७१ पर्यंत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून, ‘टक्’ आवाजानंतरच्या पहिल्या १० मिलिसेकंदांत मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) काय घडते ते नोंदवता येऊ लागले. झोपलेल्या तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी याच तंत्रानेही होते.

इथवर सगळे सरळ होते. गुंता झाला तो मोठ्यांच्या मेंदूतली गाठ शोधण्यासाठी बनलेल्या चाचण्या शाळकरी मुलांकडे वळल्या तेव्हा. या मुलांच्या मेंदूत गाठ नव्हती, स्कॅनमध्ये दाखवता येईल असे काहीच नव्हते. वर्गात मागे पडणे, सतत ‘काय?’ विचारणे, सूचना अर्धवट कळणे, एवढेच. आकड्यांच्या चाचणीत डाव्या कानात ‘तीन, आठ’ आणि त्याच क्षणी उजव्या कानात ‘नऊ, एक’ वाजते, आणि मुलाने चारही आकडे सांगायचे असतात. त्याला दोनच आले, तर चूक श्रवणमार्गाची, स्मरणाची, लक्ष देण्याची की कंटाळ्याची? गुणपत्रिकेवरून ते समजत नाही. गाठीच्या रुग्णाबाबत शस्त्रक्रियेत उत्तर सापडायचे, इथे ती सोय नाही. माझ्या मते या उडीची छाननी तेव्हाच व्हायला हवी होती.

ती झाली नाही, आणि वाद व्याख्येवर येऊन बसला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने यादी केली: आवाजाची दिशा ओळखणे, आवाजांतला फरक आणि वेळेचे बारकावे पकडणे, दुसरे आवाज चालू असताना किंवा आवाज बिघडलेला असताना ऐकणे. यातले काही बिघडले की ‘सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’, म्हणजे ऐकलेले हाताळण्यातला विकार; ‘सेंट्रल’ म्हणजे दोष कानात नाही, मेंदूकडच्या मार्गात. २००० मध्ये डॅलसच्या बैठकीत ‘सेंट्रल’ काढून टाकायचे ठरले, कारण दोष नेमका कुठे आहे हे चाचणी सांगत नसताना नावाने ते सांगू नये. भूमिका प्रामाणिक होती. पण २००५ च्या अहवालात तोच शब्द कंसात परत आला. कंस ही तडजोड होती, आणि तडजोडीने निदान सोपे होत नाही.

मग एक धक्का ब्रिटनमधून आला. २०१० मध्ये ६ ते ११ वयाच्या सुमारे १,५०० मुलांच्या तपासणीत असे दिसले की ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध आवाजाच्या बारकाव्यांपेक्षा लक्ष आणि आकलनाशी जास्त जुळतो. अमेरिकेच्या रोगसूचीत या विकाराला स्वतंत्र क्रमांक आहे. तिथल्याच मानसिक विकारांच्या संहितेत मात्र ते निदान नाही.

दरम्यान हद्द उलट बाजूनेही सरकत होती. २००९ मध्ये दोन तास मोठा आवाज ऐकवलेल्या उंदरांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, पण केशपेशी (कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि श्रवणतंतू यांच्यातले काही भागांत निम्म्यापर्यंत जोड कायमचे गेलेले आढळले. म्हणजे चाचणी नॉर्मल आणि दोष चक्क कानातच! जिवंत माणसात हे जोड थेट मोजता येत नाहीत, त्यामुळे माणसांवरचे निष्कर्ष अजून उलटसुलट आहेत. २०१६ मध्ये आणखी एक गृहीत हलले: निव्वळ मस्तिष्कस्तंभाचा समजला जाणारा एक विद्युत्प्रतिसाद अंशतः मेंदूच्या बाह्यपटलातूनही येतो, हे दिसले.

उपायांपैकी सर्वांत साधा म्हणजे शिक्षकाच्या कॉलरला माइक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर. दोष कुठेही असो, शिक्षकाचा आवाज गोंगाटाच्या वर येतो. हा उपाय देण्यासाठी वाद मिटण्याची गरज नाही. पण जिथे शाळेतली मदत निदानाच्या कागदावर मिळते, तिथे मुलाच्या वाट्याला काय येईल हे तपासणारा तज्ज्ञ कोणती व्याख्या मानतो यावर ठरते.